घेतलेल्या ऑक्सिजनचं शेवटी होतं काय?

गोकर्ण
लेकीची दहावी आहे, म्हणजे घरात सगळ्यांचीच दहावी आहे. सध्या विज्ञान भाग २ मधला सजीवांच्या जीवनप्रक्रियांचा धडा चाललाय. पेशीश्वसनाचं समीकरण तिला तोंडपाठ आहे: ग्लुकोजचा एक रेणू, ऑक्सिजनचे सहा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे सहा, पाण्याचे सहा आणि ऊर्जा. प्रश्न तिनेच काढला. नाकातून आत गेलेला ऑक्सिजन नेमका जातो कुठे? क्लासचे सर म्हणाले, "ऑक्सिजन आत, त्याला कार्बन चिकटला की कार्बन डायऑक्साइड बाहेर, संपला विषय." पुस्तकात मात्र इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या शेवटी ऑक्सिजनचं पाणी होतं असं दिसतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

दुसरं म्हणजे, क्रेब चक्राची आकृती मी उलटसुलट करून पाहिली. कार्बन डायऑक्साइड तिथेच सुटतो, पण ऑक्सिजन आत शिरताना कुठेच दिसत नाही. मग ऑक्सिजन नसेल तर ते चक्र थांबतं की चालू राहतं?

मी कॉमर्सवाली. जाणकारांनी सोप्या मराठीत सांगा. गूगल करून झालंय, डोकं जास्तच फिरलं.

चकली
जागा पकडून ठेवते. वाचतेय.

नागपुरी_संत्रं
सर बरोबरच सांगून राहिले ना ताई. डावीकडे ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड. लाकूड जाळलं तरी हेच होते. एवढा कीस काहून पाडता?

खडूफळा
गोकर्णताई, लेकीला माझी शाबासकी सांगा. निवृत्त होईपर्यंत हे समीकरण फळ्यावर लिहीत आलो, पण हा प्रश्न विचारणारं पोर क्वचितच भेटलं.

नागपूरकर, लाकडाचा दाखला जुना आणि मानाचा आहे. लव्हॉझिए आणि लाप्लास या दोघांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. मग कोळसा जाळूनही तसंच मोजलं, आणि सारख्याच कार्बन डायऑक्साइडमागे दोन्हीकडे उष्णता किती ते ताडून पाहिलं. श्वसन म्हणजे संथ ज्वलन हा निष्कर्ष तिथून आला. ढोबळमानाने तो आजही चालतो. फक्त हे जळणं फुप्फुसात होतं असा त्यांचा समज होता. ते प्रत्यक्षात प्रत्येक पेशीत होतं हे कळायला पुढचं जवळजवळ शतक गेलं. (लव्हॉझिएला १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवलं, ती कथा वेगळी.)

आता वही-पेन घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या सहा रेणूंत ऑक्सिजनचे अणू बारा. ग्लुकोजमध्ये आहेत सहा. उरलेले सहा कुठून आले? हवेतून नव्हे, पाण्यातून. क्रेब चक्रात आणि त्याच्या आगेमागे पाणी वापरलं जातं. पुरं समीकरण असं: ग्लुकोज एक, पाणी सहा, ऑक्सिजन सहा, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड सहा आणि पाणी बारा. हवेतल्या ऑक्सिजनचे बाराही अणू त्या बारा पाण्यांत जातात. दोन्हीकडून सहा-सहा पाणी वजा केलं की पुस्तकातलं सुटसुटीत समीकरण मिळतं, आणि नेमकी याच वजाबाकीत तुमच्या लेकीच्या प्रश्नाची गंमत हरवते.

नागपुरी_संत्रं
@खडूफळा, बाप्पा! गुरुजी, तुम्ही आमच्या शाळेत काहून नव्हते?

अणुरेणू
गुरुजींनी अणूंचा हिशेब लावून दिला आहे, मी रस्ता सांगतो. (जर्मनीत प्रयोगशाळेत हेच काम करतो, त्यामुळे लांबण लागलं तर आवरा.)

पहिला टप्पा पेशीद्रव्यात. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुविक आम्ल म्हणतात. इथे ऑक्सिजनची गरज नाही. हाती लागतात निव्वळ दोन एटीपी (पेशीला लागेल तशी ऊर्जा पुरवणारे रेणू).

दुसरा टप्पा तंतुकणिकेत (पेशीतलं ऊर्जाघर, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया). पायरुविक आम्लाचा एक कार्बन आत शिरतानाच सुटतो, बाकीचे दोन क्रेब चक्रात. म्हणजे कार्बन डायऑक्साइड जो काही तयार व्हायचा तो इथे झाला, आणि ऑक्सिजन अजून आलेलाच नाही! खरी कमाई वेगळीच आहे. या सगळ्या वाटेवर साखरेतले इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन काढून एनएडी नावाच्या वाहकाला दिले जातात, त्याचा एनएडीएच होतो. थोडे एफएडी या दुसऱ्या वाहकाला मिळतात, त्याचा एफएडीएच-२ होतो.

तिसरा टप्पा तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर. एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन तिथल्या प्रथिनांच्या साखळीला देतो. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दर पायरीला त्यांची ऊर्जा थोडी थोडी सुटते. शेवटी हे इलेक्ट्रॉन घ्यायला कुणीतरी हवा, आणि तो ऑक्सिजन. चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ऑक्सिजन नसला तर शेवटचा घेणारा गेला. साखळी जागच्या जागी तुंबते, एनएडीएच मोकळा होत नाही, आणि मोकळा एनएडी नाही म्हणून क्रेब चक्रही ठप्प. चक्राच्या आकृतीत ऑक्सिजन दिसत नाही, पण त्याच्याशिवाय ते चालत नाही, ते यामुळे.

सह्यभटक्या
हे छान कळलं. पण त्या सुटलेल्या ऊर्जेतून एटीपी नक्की बनतं कसं? 'ऊर्जा मुक्त होते व एटीपी तयार होते' असं आम्ही पाच मार्कांना लिहिलंय, अर्थ कधी कळला नाही.

अणुरेणू
हाच प्रश्न जगभरच्या जीवरसायनतज्ज्ञांना वीसेक वर्षं छळत होता. साखळी आणि एटीपी यांना जोडणारा एखादा अस्थिर मधला पदार्थ असेल असं धरून सगळे तो शोधत होते, कुणाला सापडेना. १९६१ मध्ये पीटर मिचेलने सांगितलं की असा पदार्थ नाहीच. इलेक्ट्रॉन उतरताना सुटणारी ऊर्जा वापरून साखळी पटलाच्या आतले प्रोटॉन बाहेर ढकलते. बाहेर प्रोटॉनची गर्दी होते. ते परत आत यायला बघतात आणि त्यांना वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून. कोयनेला वर अडवलेलं पाणी खाली येताना टर्बाइन फिरवतं, तसे हे प्रोटॉन आत येताना ते यंत्र फिरवतात. फिरवतात हे अक्षरशः घ्या. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या यंत्राच्या दांड्याला चमकणारा तंतू जोडला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना पाहिला.

मिचेलला सुरुवातीला फारसं कुणी विचारलं नाही. त्याने कॉर्नवॉलमधली एक जुनी हवेली दुरुस्त करून तिथेच स्वतःची प्रयोगशाळा काढली. १९७८ मध्ये नोबेल मिळालं, एकट्याला.

लोडशेडिंग
अवांतर: वीज खात्यात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. कोयनेचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. कोयनेत पाणी पावसाने भरतं. इथे तर तुम्ही म्हणताय तसं प्रोटॉन आधी वर चढवावे लागतात आणि मग खाली सोडायचे. म्हणजे हे घाटघरचं उदंचन झालं! स्वस्त विजेवर रात्री पाणी वर पंप करायचं आणि मागणी असेल तेव्हा खाली सोडून २५० मेगावॅट काढायचे.

अणुरेणू
@लोडशेडिंग, मान्य, घाटघरच. पुढच्या व्याख्यानात वापरतो, फक्त इथल्या लोकांना घाटघर समजावता समजावता तास संपेल. तुमच्या खात्याला आवडेल असा एक आकडा: त्या पटलाच्या दोन बाजूंत व्होल्टेजचा फरक जेमतेम १५० मिलिव्होल्टच्या आसपास. पण पटलाची जाडी मीटरच्या अब्जाव्या भागाच्या पाचेक पट. हिशेब केला तर मीटरमागे तीन कोटी व्होल्ट भरतात.

लोडशेडिंग
आणि ट्रिप होत नाही?

चकली
होतं ना, जेवणानंतर. दुपारी दोन ते चार.

गोकर्ण
काय सुंदर लिहिताय सगळे. लेक शेजारी बसून वाचतेय. तिचा उपप्रश्न: पुस्तकात एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी दिलेत, एका व्हिडिओत ३२ सांगितले. परीक्षेत काय लिहायचं?

खडूफळा
पुस्तकात आहे ते. ३८.

अणुरेणू
गुरुजींशी वाद नाही, मार्क पुस्तक देतं. पण फरक कशामुळे ते तिला माहीत असू दे. जुन्या हिशेबात एका एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच-२ मागे २ एटीपी धरत. दहा एनएडीएचचे ३०, दोन एफएडीएच-२ चे ४, आणि थेट मिळालेले ४, असे ३८. पुढे मोजमाप नेमकं झालं तेव्हा हे आकडे अडीच आणि दीड निघाले. २५, ३ आणि ४ मिळून ३२. पेशीद्रव्यातला एनएडीएच कोणत्या वाटेने तंतुकणिकेत पोचतो त्यावर हे ३० ही होतात. अर्धे आकडे येतात कारण प्रोटॉनची गणती आणि एटीपीची गणती पूर्णांकात जुळायलाच हवी असं काही नाही. मिचेलची कल्पना मान्य केली की हे आपोआप येतं, नाही केली तर अडीच एटीपी ही थट्टाच वाटेल.

दवाखाना_चालू_आहे
डॉक्टर आहे, तीन मुद्दे घाईत.

एक. श्वास कोंडल्यावर जी कासाविशी होते ती बहुतांशी रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची. ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना शरीर फार उशिरा आणि फार हळू देतं. म्हणून कमी ऑक्सिजनच्या जागी माणूस न गुदमरता गपकन पडतो. कोविडमध्ये ऑक्सिमीटरवर ८० दिसत असताना फोनवर गप्पा मारणारे पेशंट आम्ही सगळ्यांनीच पाहिले.

दोन. पेशीपर्यंत ऑक्सिजन पोचला तरी वापरता आला पाहिजे. सायनाइड नेमकं साखळीच्या शेवटच्या प्रथिनाला धरतं, जिथे ऑक्सिजनचं पाणी होतं तिथेच. अशा रुग्णाच्या शिरेतलं रक्तही लालभडक राहू शकतं, कारण पेशींनी ऑक्सिजन घेतलेलाच नसतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर आणि पेशी उपाशी.

तीन, आणि हे कृपया घरी सांगा. बंद बाथरूममधला गॅस गिझर. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. आणि साधा ऑक्सिमीटर त्यालाही ऑक्सिजन समजून ९८ दाखवतो. गिझर बाथरूमबाहेर बसवा आणि हवा खेळती ठेवा.

भिंगरी
@दवाखाना, तिसऱ्या मुद्द्यासाठी हात जोडून धन्यवाद. आजच प्लंबरला फोन.

एक बाळबोध शंका. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल पेशी वाटेतच तो खाऊन टाकत नाहीत का?

दवाखाना_चालू_आहे
बाळबोध अजिबात नाही. आपल्या परिपक्व लाल पेशींत तंतुकणिकाच नसतात. अंगभर ऑक्सिजन भरलेला, पण त्यातला कणही त्यांना वापरता येत नाही. साधारण १२० दिवसांचं आयुष्य फक्त पहिल्या टप्प्याच्या दोन-दोन एटीपीवर काढतात.

चकली
बँकेतल्या कॅशियरला हे वाचून दाखवलं पाहिजे.

सह्यभटक्या
माझ्या आवडीचा विषय. रविवारी सिंहगड धावत चढायचा, सोमवारी ठीक, मंगळवारी जिना उतरताना आईगं. हे लॅक्टिक आम्ल साचल्याने होतं ना? ऑक्सिजन कमी पडला की स्नायूंत ते बनतं, आणि मालिश केलं की निघून जातं. आमच्या ग्रुपमध्ये सगळे हेच सांगतात.

अणुरेणू
बनतं हे बरोबर. ऑक्सिजन पुरेनासा झाला की पायरुविक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करून स्नायू आपला एनएडी मोकळा करून घेतात, म्हणजे पहिला टप्पा तरी चालू राहतो. पण ते मंगळवारपर्यंत बसून राहत नाही. दम खाल्ला की तासाभरात बरंचसं रक्तातून निघून जातं. यकृत त्याचं परत ग्लुकोज करतं, हृदय तर ते इंधन म्हणून आवडीने वापरतं. मंगळवारचं दुखणं सवय नसलेल्या ताणामुळे, त्यातही उतरतानाच्या, स्नायुतंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं.

सह्यभटक्या
म्हणजे उतरताना शेअर जीप पकडणारे शहाणे ठरले तर. हे ग्रुपवर टाकणार नाही.

पाटावरवंटा
जिमवाल्यांसाठी याच धाग्यात बसणारी गोष्ट. चरबी कमी होते तेव्हा ती जाते कुठे? बहुतेक जण 'ऊर्जा होते', 'घाम होतो' असं सांगतात. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मीरमन आणि ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी हिशेब मांडला: १० किलो चरबी पूर्ण जाळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. त्यासाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो. त्यांनी विचारलेल्या डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि ट्रेनरांपैकीही बहुतेकांना हे सांगता आलं नव्हतं.

चकली
थांबा थांबा. म्हणजे मी सोफ्यावर बसून जोरजोरात श्वास सोडला तर??

दवाखाना_चालू_आहे
तर चक्कर येईल. रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाईल, चरबीतला कार्बन जागचा हलणार नाही. तो पेशींनी काम केलं तरच सुटतो.

चकली
कुणीतरी आशा दाखवायची आणि डॉक्टरांनी काढून घ्यायची. नेहमीचंच.

कृष्णाकाठ
आम्ही सांगलीकडची माणसं. तुमचं एटीपी-बिटीपी आम्हाला कळत नाही, पण धान्य श्वास घेतं हे आमच्याकडं लहान पोरालाबी ठाऊक आहे. ज्वारीचं पेव माहीत असेल बघा. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं, तळाला आणि भिंतीला कडबा-काड लावायचा, धान्य ओतायचं आणि तोंड बंद करून माती. वर्ष-दोन वर्षं कीड लागत नाही. का, तर आतली हवा धान्यच खाऊन टाकतं, किड्याला जगायला काय राहत नाही.

पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड काढून बराच वेळ तसंच उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. माझ्या चुलत्यांना बघितलंय मी. पेवाच्या कडेला पालथं पडून ते ज्योतीकडं एकटक बघत बसायचे. काच नुसती काळवंडली तर चालतंय, पण ज्योत बारीक झाली की कंदील वर. पुन्हा तासभर थांब. वर उभा असलेला गडी घाई करायला लागला की चुलते एकच बोलायचे, "तू उतर की मग." तो गप. घाई केलेली माणसं गेलेली आहेत आमच्या भागात.

हरिपूरला हळदीची पेवं होती, नावाजलेली. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच गेली.

भिंगरी
काका, अंगावर काटा आला. पण हळदपण श्वास घेते? ती तर शिजवून वाळवतात ना?

खडूफळा
भिंगरीने बरोबर जागी बोट ठेवलं. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, संथपणे का होईना श्वसन करतोच. शिजवलेली हळद जिवंत नसते. तिच्या पेवात ऑक्सिजन कमी होत असेल तर तो बुरशी, जिवाणू आणि किडे यांच्यामुळे. दाण्यांचं मात्र घरी करून पाहता येतं. दोन थर्मास घ्या. एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात तीच मटकी उकडून गार केलेली, आणि उकडलेलीवर बुरशी धरू नये म्हणून ती आधी जंतुनाशकाने धुऊन घ्या. तोंडाला कापूस लावून थर्मामीटर बसवा. दुसऱ्या दिवशी मोडाच्या थर्मासमधलं तापमान काही अंशांनी चढलेलं दिसतं. फडक्यातून मोड काढताना हाताला कोमट लागतं ते हेच. साखरेतली सगळी ऊर्जा एटीपीत जात नाही, निम्म्याहून जास्त उष्णता होऊन जाते. आपलं अंग ३७ अंशांवर राहतं ते त्याच उष्णतेवर.

दवाखाना_चालू_आहे
कृष्णाकाठ काकांच्या कंदिलाला नमस्कार, पण तरुण मंडळींना सूचना: सेप्टिक टँक, गटार, गोबर गॅसच्या टाकीत कंदील किंवा काडी अजिबात नाही. तिथे मिथेन असतो, भडका उडेल. आणि हायड्रोजन सल्फाइडही असतो, तो ज्योत विझण्याची वाट बघत नाही. तोही त्याच शेवटच्या प्रथिनाला धरतो ज्याला सायनाइड धरतं. आत कुणी पडला म्हणून मागोमाग उतरू नका. एकामागे एक तिघे-चौघे जातात ते असेच.

तिरफळ
गोव्यातून हजेरी. तुम्ही सगळे ऑक्सिजनच्या मागे, आमचं काम त्याच्याविना होतं. काजूचा रस, ज्याला आम्ही नीरो म्हणतो, दोन-तीन दिवस ठेवला की फसफसतो. मग भट्टीवर पहिल्या उकळीचा उर्राक आणि पुढची फेणी. यीस्टला हवा मिळाली नाही की ती साखरेची दारू करते, बरोबर? पण एक कोडं आहे. आजोबांच्या काळी भांडी काही हवाबंद नसायची. वर नुसतं कापड. तरी दारू होतेच. हवा असताना यीस्ट शहाण्यासारखी ३२ एटीपी का घेत नाही?

अणुरेणू
@तिरफळ, फार चांगला प्रश्न. पाश्चरने दाखवलं होतं की हवा दिली की यीस्ट साखर कमी खाते आणि वाढते जास्त. पण साखर भरपूर असेल तर दारू बनवणारी यीस्ट हवा असूनही आंबवण्याचाच रस्ता धरते, याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. एका साखरेमागे कमाई कमी, पण काम झटपट होतं, आणि तयार झालेल्या अल्कोहोलने आसपासचे जिवाणू मरतात. साखर संपली की तीच यीस्ट, हवा असेल तर, ते अल्कोहोलही खाते. म्हणून जास्त दिवस उघडं ठेवलं तर तुमचाच तोटा.

कर्करोगाच्या बऱ्याच पेशीही ऑक्सिजन असताना लॅक्टिक आम्ल बनवत बसतात. ऑटो वॉरबुर्गने हे १९२० च्या दशकात पाहिलं. त्याला १९३१ चं नोबेल मिळालं, पण ते श्वसनाच्या विकरासाठी (विकर म्हणजे एन्झाइम). पेशी असं का करतात यावर आजही कागद काळे होतायत, त्यातले काही माझे.

तिरफळ
देव बरें करूं. आता संध्याकाळी अल्कोहोल खाणारे यीस्टच असतात असं नाही, एवढंच म्हणतो.

लोडशेडिंग
या सगळ्यात आपल्याकडचा कुणी आहे की सगळे जर्मन-इंग्रजच?

खडूफळा
आहे की. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे, जन्म १८९५. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं, १९२७ मध्ये. आणि १९२९ मध्ये एटीपी, त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनीही. हे ज्या एटीपीबद्दल आपण इतकं बोलतोय ते. विश्रांतीतल्या माणसालाही दिवसाला चाळीसेक किलो एटीपी लागतं, आणि अंगात एका वेळी असतं फक्त शंभरेक ग्रॅम. तेच पुन्हा पुन्हा बनतं आणि मोडतं. सुब्बारावांना नोबेल नाही, हार्वर्डमध्ये कायमची नोकरीही मिळाली नाही. आपल्या पोरांना क्रेब पाठ असतो, सुब्बाराव नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

क्रेबचंही सोपं नव्हतं म्हणा. ज्यू म्हणून १९३३ मध्ये फ्रायबुर्गची नोकरी गेली, इंग्लंडला आला. शेफील्डला कबुतराच्या छातीचा स्नायू किसून त्यावर प्रयोग केले आणि १९३७ मध्ये चक्र मांडलं. नेचर नियतकालिकाने त्याचं टिपण परत पाठवलं, आमच्याकडे पुढचे सात-आठ आठवडे पुरतील एवढी पत्रं पडून आहेत म्हणून! शेवटी हॉलंडच्या एका नियतकालिकात छापलं. १९५३ ला त्याच कामावर नोबेल.

गोकर्ण
@खडूफळा, हे तिने वहीत उतरवून घेतलं. मार्कांसाठी नाही, आवडलं म्हणून.

मूळ प्रश्न मिटला असं धरू ना? घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जात नाही, पाणी होतो. क्लासच्या सरांना ती उद्या सांगणार म्हणते.

अणुरेणू
सांगू दे, पण एक पुरवणी घेऊन जा, नाहीतर सर पकडतील.

१९४९ मध्ये अमेरिकेत नेथन लिफ्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर हाच प्रश्न जड ऑक्सिजन वापरून तपासला. जड म्हणजे ऑक्सिजन-१८, नेहमीच्या ऑक्सिजनपेक्षा वजनदार, त्यामुळे माग काढता येतो. श्वासातून घेतलेला ऑक्सिजन शरीराच्या पाण्यात जातो, हे बरोबर निघालं. पण उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन तपासला तर तो शरीरातल्या पाण्याशी जुळत होता. कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो तेव्हा त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि परत उलटही होतं. लाल पेशींतलं एक विकर हे प्रचंड वेगाने करत असतं. या येण्याजाण्यात दोघांच्या ऑक्सिजन अणूंची अदलाबदल होते.

म्हणजे आत घेतलेल्या ऑक्सिजनचं पेशीत पाणी होतं, हे शंभर टक्के. पण त्या पाण्यातला एखादा अणू पुढे अदलाबदलीत कार्बन डायऑक्साइडमध्ये शिरून नाकातून बाहेर पडूही शकतो. सर सांगतात त्या कारणाने मात्र नव्हे. कार्बन त्याला तंतुकणिकेत चिकटलेला नसतो.

या अदलाबदलीचा लिफ्सनने पुढे झकास उपयोग केला. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला द्यायचं. हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन पाण्यावाटेही आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. लघवीचे नमुने घेऊन दोघांच्या घटण्यातला फरक मोजला की कार्बन डायऑक्साइड किती सुटला ते कळतं, आणि त्यावरून माणसाने किती कॅलरी खर्चल्या ते. पिंजऱ्यात न कोंडता, रोजचं काम करू देऊन. आजही हीच पद्धत पक्की मानतात.

पाटावरवंटा
आणि आम्ही मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवून वडापाव खातो.

नागपुरी_संत्रं
सरांची बाजू मी घेतली होती, ते अर्धा टक्का तरी वाचले म्हणायचे! आता माझा घरचा प्रश्न. पुण्याच्या मेहुण्याला दर हिवाळ्यात संत्री पाठवतो. यावेळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दिली, फोनवर म्हणते, 'भाऊजी, संत्र्याला दारूचा वास येऊन राहिला.' वरून सालपट एकदम झकास होतं. हे पण तुमच्या याच धड्यातलं का?

अणुरेणू
याच धड्यातलं. तोडलेलं संत्रं जिवंतच असतं, श्वसन चालू. घट्ट पिशवीत त्याने ऑक्सिजन संपवला की आतल्या पेशी विनॉक्सिश्वसनावर जातात आणि अल्कोहोल, ॲसिटाल्डिहाइड साचायला लागतं. सालीवर काही दिसत नाही, चव आधी बिघडते.

कृष्णाकाठ
कांद्याची चाळबी त्यासाठीच खालून आणि बाजूनं हवेशीर ठेवतात. पिशवीला भोकं पाडा, नाहीतर सरळ जाळीच्या पोत्यात भरा. आणि तळाला एखादं दबलेलं फळ राहिलं असेल तर आधी काढून टाका.

तिरफळ
आणि तो वास आलेला माल टाकू नका. पत्ता कळवतो.